कर्जावर बोलणारी कार्ड स्किन: छपाई उत्तम, एटीएमशी मात्र वाकडं

आपलंच डिझाइन छापून बँक कार्डावर चिकटवायची व्हिनाइल स्किन (पातळ प्लास्टिकचा स्टिकर) लोक बहुतेक मांजरांसाठी आणि खेळाडूंच्या फोटोंसाठी मागवतात. कर्जावर भाष्य करायचं असेल तर मात्र याहून मोक्याची जागा नाही, कारण खर्च होतो त्याच क्षणी ती डोळ्यांसमोर असते. म्हणूनच साखळ्या, फास, कात्री ही चित्रं इथे फुकट जातात. ती पोस्टरवर हजारदा पाहून झाली आहेत.

त्यापेक्षा हिशेबच छापावा. क्रेडिट कार्डावर महिना 3 टक्के व्याज, किमान भरणा थकबाकीच्या 5 टक्के आणि नवी खरेदी शून्य, असं धरा. 100 चे महिन्यात 103 होतात, 5.15 भरले की त्यातले 3 व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम 2.15 ने उतरतं. म्हणजे प्रत्येक भरण्यातला सुमारे 58 टक्के भाग व्याजाचा. स्किनच्या 84.6 मिमी रुंदीवर 49 मिमी काळी पट्टी व्याजाची आणि उरलेली पिवळी मुद्दलाची, एवढं पुरे. त्या पट्टीला घोषणेची गरजच नाही. याच गतीने थकबाकी निम्मी व्हायला 32 महिने लागतात, त्यामुळे कडेने 32 बारीक रेघाही छान बसतात. शब्द हवेच असतील तर ‘ऋण काढून सण’ एवढेच ठेवा, पण अक्षरांच्या आकारात 8 पॉइंटच्या खाली जाऊ नका. काळ्यावर पांढरं देवनागरी छापलं की ‘ऋ’ आणि ‘ण’ची पोकळी शाईने भरते. बारीक रेषांचा फाँट तर टाळाच.

कार्डाचं प्रमाणित माप 85.60 × 53.98 मिमी, कोपऱ्याची गोलाई सुमारे 3.18 मिमी. फाइल 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) साधारण 1011 × 638 पिक्सेलची होते. चारी बाजूंनी 2 मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा छपाई, वेगळं. स्किन मात्र कडेपासून अर्धा मिमी आत कापलेली हवी. थेट कडेपर्यंत आलेली स्किन अंगठ्याच्या कोपऱ्यापासून सुटायला लागते. चिपची पत्री सगळ्या कार्डांवर सारखी नसते, म्हणून ऑर्डर देताना लहान की मोठा छेद हे मोजूनच सांगा. मोजमापासाठी कार्डाचा फोटो छापणाऱ्याला पाठवू नका, पट्टीने घेतलेले आकडे पुरतात. व्हिसा, रुपे अशा कार्ड नेटवर्कचा लोगो डिझाइनमध्ये उचलणंही नको, तो नोंदणीकृत असतो.

लॅमिनेशन ग्लॉसी घ्या. मॅटवर काळा राखाडी दिसतो आणि या डिझाइनची सारी भिस्त काळ्यावर आहे. चंदेरी धातूचं फॉइल तर अजिबात नको: टॅप करून पैसे देण्याचा सिग्नल अडतो.

चिकटवणं सोपं आहे. मऊ कापडाने तेलकटपणा पुसा, आधी चिपचा छेद जुळवा, मग तिथून बाहेर दाबत जा. उलट क्रमाने केलं की शेवटी चिपपाशी अर्धा मिमी तिरपं येतं आणि मशीन चिप वाचत नाही.

खरी अडचण जाडीची. कार्ड 0.76 मिमीचं असतं, त्यात 0.08 इतकीच सूट. व्हिनाइल आणि लॅमिनेशन मिळून 0.15 वाढलं की 0.91 होतं. टॅपला फरक पडत नाही, हाताने चिप खुपसायच्या मशीनमध्येही बहुधा चालतं. पण कार्ड आत ओढून घेणाऱ्या एटीएममध्ये ते अडकू शकतं, किंवा रोलरने स्किन सोलली जाऊन आतच राहते. कार्ड बँकेच्या मालकीचं असतं, तेव्हा तक्रारीला वाव कमीच. रोख काढायचं कार्ड कोरं ठेवा आणि स्किन क्रेडिट कार्डालाच लावा. भाष्यही तिथलंच आहे. होलोग्राम आणि मागची सहीची पट्टी झाकू नका. काढताना हेअर ड्रायरची गरम हवा मारू नका, कार्डाचं पीव्हीसी प्लास्टिक वाकतं. कोपरा नखाने उचलून हळूहळू, सपाट कोनात ओढा.