वेण्णा लेकचं दव की गुलमर्गचा बर्फ: मॅक्रो लेन्स, ट्यूब, उलटी लेन्स आणि मोबाईल

डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरला पारा घसरला, की वेण्णा लेक आणि लिंगमळ्याकडे गवतावर, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर धरतो आणि पेपरात फोटो येतात. मग साताऱ्यातल्या हौशी मंडळींचा ठरलेला प्रश्न सुरू होतो: जवळून टिपायला कोणती लेन्स घेऊ? त्याआधी टिपायचं नक्की काय ते ठरवा. वेण्णा लेकवर असतं ते गोठलेलं दव. ढगातून पडणारा सहा कोनांचा बर्फाचा स्फटिक तिथे मिळत नाही, त्यासाठी गुलमर्गसारखं ठिकाण गाठावं लागतं. दोन्हींचं सामान वेगळं आहे, आणि हे न बघता खरेदी केली की पैसे नको तिथे जातात.

आधी आपलं दव. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन भराभर थंड होते, जड गार हवा तळ्याकाठच्या खोलगट भागात उतरून साचते. म्हणून बाजारपेठेत स्वेटरवर भागत असताना तिकडे गवताचं पातं शून्याला टेकलेलं असतं. एकेक थेंब मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा. पण चांगला फोटो एका थेंबाचा नसतो. पात्याच्या कडेने ओळीत गोठलेल्या थेंबांचा असतो, म्हणजे साधारण दोन सेंटिमीटरचा तुकडा. आपल्यापैकी बहुतेकांकडे असलेल्या क्रॉप सेन्सरची (जुन्या फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) रुंदी 22 ते 24 मिलिमीटर. 1:1 मिळालं, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटली, की काम झालं.

बर्फाचा स्फटिक मात्र दोन ते चार मिलिमीटरचा. 1:1 वर तो फ्रेमच्या रुंदीचा फार तर सहावा हिस्सा व्यापतो. फांद्यांवरची नक्षी दिसायला किमान दुप्पट-तिप्पट मोठं करावं लागतं. इथे 1:1 पर्यंतच जाणारी साधी मॅक्रो लेन्स (जवळून टिपायची खास लेन्स), कितीही महाग असली तरी, एकटी पुरत नाही.

100 एमएम मॅक्रोचा खरा फायदा अंतराचा. 1:1 वर लेन्सचं तोंड आणि थेंब यांत 13-15 सेंटिमीटर उरतात, त्यामुळे आपला श्वास थेंबावर जात नाही. ऑटोफोकस, अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं, लहान-मोठं होणारं छिद्र) सगळं चालतं. किंमत मात्र हजारांच्या दोन आकडी घरात. केवळ हिवाळ्यातल्या चार पहाटांसाठी एवढा खर्च मला पटत नाही. पावसाळ्यानंतर कासलाही जात असाल तर हिशोब बदलतो. सीतेची आसवे किंवा कीटक पकडणारी ड्रोसेरा टिपताना फुलांवर पाय न देता लांबूनच काम करावं लागतं, आणि तिथे हीच लेन्स पैसे वसूल करते.

एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी; आत काच नाही. किती मोठं दिसेल याचं गणित सोपं: नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेला एमएमचा आकडा). 50 एमएमला 12, 20 आणि 36 एमएमच्या तिन्ही नळ्या लावल्या, की 68 भागिले 50, म्हणजे 1:1 च्याही पुढे. वेण्णा लेकसाठी माझं मत हिलाच. फक्त कॉन्टॅक्टवाली (कॅमेरा आणि लेन्स विजेने जोडणारी) घ्या. बिनकॉन्टॅक्टची स्वस्त मिळते, पण बहुतेक आधुनिक लेन्सवर अ‍ॅपर्चर हातात राहत नाही. थेंबाच्या बऱ्यापैकी जवळ जावं लागतं, तेव्हा तोंडावर मफलर हवाच.

उलटी लेन्स सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कटकटीची. काहीशे रुपयांची रिव्हर्स रिंग घेऊन 28 एमएम लेन्स उलटी, म्हणजे पुढचं तोंड कॅमेऱ्याकडे करून बसवली, की दुपटीच्या आसपास मोठं दिसतं. अ‍ॅपर्चर हाताने फिरवायची रिंग नसलेली लेन्स मात्र इथे त्रास देते. कॅननची पूर्ण उघडी राहते, निकॉनच्या ‘जी’ (G) प्रकारच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर मिटून बसतं आणि मागचा खटका धरून ठेवावा लागतो. एखाद्या जुन्या स्टुडिओच्या कपाटात फिल्मच्या जमान्यातली रिंगवाली लेन्स पडलेली असेल, तर ती मागून आणा.

बर्फासाठी याच जुगाडावर माझा विश्वास आहे, आणि त्याला दाखलाही आहे. मॉस्कोच्या अलेक्सी क्ल्यातोव्ह यांनी साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यापुढे जुनी हेलिओस लेन्स उलटी लावून जगभर गाजलेले स्फटिकांचे फोटो काढले. पार्श्वभूमीला गडद लोकरीचं कापड. आपल्याकडे काळं घोंगडं आहेच: स्फटिक लोकरीच्या तंतूंच्या टोकांवर अलगद अडकतो आणि काळ्यावर उठून दिसतो. घोंगडं आधी तासभर बाहेर गारठू द्या, नाहीतर टेकताक्षणी पाणी. आणि लेन्सइतकंच महत्त्व ढगाला. सुंदर फांद्यांचे तारे उणे 15 अंशांच्या आसपास बनतात, उणे 5 ला सुया आणि खांब. शून्याजवळ पडणारा ओला बर्फ म्हणजे नुसते चिकटलेले गुच्छ. तिथे कुठलीच लेन्स कामाची नाही.

मोबाईलचं थोडक्यात. नव्या फोनचा अल्ट्रावाइडवाला मॅक्रो मोड दवाच्या ओळीसाठी चालतो. स्वस्त फोनमधला दोन मेगापिक्सेलचा ‘मॅक्रो कॅमेरा’ विसरा. क्लिपची लेन्स मोठं दाखवते, पण दोन-तीन सेंटिमीटरवर न्यावी लागते आणि बोटांच्या उबेनेच थेंब वितळतो.

कोणतंही सामान घेतलं तरी एक अडचण कायम. 1:1 वर एफ/8 ला जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा पट्टा फोकसमध्ये राहतो, दुपटीवर पाव. शिवाय 1:1 ला प्रकाश दोन स्टॉपने कमी पडतो, म्हणजे चौथा हिस्साच उरतो. त्यामुळे छोटा ट्रायपॉड किंवा वाळूची पिशवी, आणि फोकस किंचित सरकवत काढलेले अनेक फोटो जोडणं आलंच. फ्रेम पांढऱ्याने भरलेली असेल तर एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप वाढवा, नाहीतर पांढरं राखाडी येतं.

थोडक्यात माझा कौल: साताऱ्याहून मेढा-केळघरमार्गे पहाटे निघून ऊन यायच्या आत परतायचं असेल तर ट्यूब. वर्षभर फुलं-किडे टिपत असाल तर मॅक्रो, पण आधी एखाद्या शनिवार-रविवारी भाड्याने आणून बघा. काश्मीरचं तिकीट काढलं असेल तर मॅक्रो असलेल्यांनी तिच्याच मागे ट्यूब जोडावी. नसलेल्यांनी रिव्हर्स रिंग आणि काळं घोंगडं बॅगेत टाकावं. गारठलेला कॅमेरा थेट उबदार खोलीत मात्र उघडू नका. बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा आणि खोलीत आल्यावर तासभर तसाच राहू द्या, म्हणजे ओल पिशवीवर धरेल, लेन्सवर नाही.