यादवीतली दोन मतदानं : १८६४ आणि २०१४

यादवी पेटलेली असताना अमेरिकेने १८६४ मध्ये राष्ट्राध्यक्षाची निवडणूक घेतली, सीरियाने २०१४ मध्ये. दोन्हीकडे देशाचा मोठा भाग मतदानाबाहेर राहिला : तिकडे फुटून निघालेली ११ दक्षिणी राज्यं, इकडे बंडखोरांच्या ताब्यातला मुलूख. साम्य इथेच संपतं.

अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष लिंकन हरू शकत होते, हा खरा फरक. २३ ऑगस्टला त्यांनी आपला पराभव होईल असं एका कागदावर लिहिलं, नव्या अध्यक्षाला सहकार्य करण्याची तयारीही नोंदवली, कागदाची घडी घातली आणि मंत्र्यांच्या त्यावर न वाचताच सह्या घेतल्या. समोर उभे होते त्यांनीच पदावरून दूर केलेले सेनापती मॅक्लेलन. सप्टेंबरात दक्षिणेतलं अटलांटा शहर लिंकन यांच्या फौजांच्या हाती पडलं आणि वारं फिरलं. लिंकन जिंकले. छावण्यांतल्या सैनिकांनीही बहुसंख्येने त्यांनाच मत दिलं, म्हणजे स्वतःच्या जिवावर बेतणारं युद्ध पुढे चालवायला. मला हे आजही हेलावून टाकतं.

सीरियात तेव्हाचे अध्यक्ष असद यांच्यासमोर दोन उमेदवार होते खरे, पण निकालाची धाकधूक कुणालाच नव्हती. असद यांना ८८.७ टक्के मतं मिळाल्याचं जाहीर झालं. जीव वाचवायला चोरवाटांनी सीमा ओलांडलेल्या निर्वासितांना तर मतदानाची मुभाच नव्हती.