‘आपलो माणूस’ आणि माझे २७,३४९ रुपये

२७,३४९ रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण नंतर कोणीतरी विचारतोच आणि विचारताना त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला आता बघवत नाही. आधी २,०००, मग १६,५००, मग ३,८५० आणि शेवटी ४,९९९. सगळे यूपीआयने. शेवटचे तर लाइट गेलेली असताना, पडवीच्या ज्या कोपऱ्यात नेटवर्कच्या दोन काड्या येतात तिथे उभं राहून पाठवले.

ओटीपी विचारणारे, केवायसी बंद होणार म्हणून घाबरवणारे, बदली झाली म्हणून बुलेट निम्म्या किमतीत विकणारे खोटे मिलिटरीवाले, स्वस्तात यूसी (गेममधले पैसे) देतो सांगून पोरांचं बीजीएमआय या मोबाइल गेमचं अकाउंट पळवणारे, हे सगळे मला माहीत होते. ग्रुपमधल्या पोरांवर या बाबतीत ओरडणारा मीच. तेव्हा ‘एवढं पण कळलं नाही?’ हा प्रश्न कोणी टाकू नये. लिंक नाही, ओटीपी नाही, लॉटरी नाही. मला गेमच्या गप्पा मारून, जुना गेमिंग कन्सोल विकतो म्हणून फसवलं.

आम्ही मालवणचे. चार खोल्यांचं निवास-न्याहारी आहे. जून ते ऑगस्ट पाण्यातले खेळ बंद, मासेमारीही जुलैअखेरपर्यंत बंद, पर्यटक तुरळक. राहतं काय, तर पाऊस आणि मोबाइल. आमचा एक ग्रुप आहे. चिपळूण, लांजा, कुडाळ, वेंगुर्ल्याची पोरं आणि डोंबिवली-विरारचे चाकरमानी. विषय एकच. कोण काय खेळतोय, कोणाच्या कंट्रोलरची काडी आपोआप डावीकडे सरकते (दोष खाऱ्या वाऱ्याला द्यायचा, ही आमची पद्धत), कोण एल्डन रिंग या गेममध्ये मलेनिया नावाच्या शत्रूपाशी अडकलाय. ज्यांनी खेळलाय त्यांना सांगायला नको. तिचा वार लागला की तिचीच ताकद भरून येते, आणि वर तो वॉटरफाउल डान्स, म्हणजे हवेत उठून एकामागून एक वारांचा सपाटा. मित्राच्या पीएस४ वर (प्लेस्टेशन, टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) मी तिच्यापुढे हात टेकले होते.

मला फसवणारा तो ग्रुपमध्ये कोणाच्या ओळखीने आला, हे आजतागायत कोणी कबूल करत नाही. आजोळ देवगडाकडे, नोकरी ठाण्यात, असं सांगायचा. मला दादा म्हणायचा. एका रात्री त्याने सांगितलं, मलेनिया हवेत उठली की लांब पळ, पहिला झपाटा तसाच चुकव, दुसऱ्याला मागे न जाता तिच्याच खालून पुढे घूस. करून पाहिलं आणि जमलं. म्हणजे माणूस खेळलेला होता. चोर गेम खेळत नाहीत असं थोडंच आहे? पण आपल्या डोक्यात हे बसलेलं असतं की इतकं बारीक माहीत असलेला माणूस आपल्यातलाच.

मग डिस्क की डिजिटल हा आमचा कायमचा वाद. गावाकडच्यांचं मत ठरलेलं, डिस्कच. ऐंशी-नव्वद जीबीचा गेम आमच्या नेटवर उतरवायला बसलं तर मध्येच लाइट जाणार. आणि डिस्क एकाकडून दुसऱ्याकडे फिरते, एसटीत कंडक्टरच्या हाती कुडाळला जाते. तो आमच्याच बाजूने भांडला. पीएस५ स्लिमचा, म्हणजे पीएस५ च्या नंतर आलेल्या लहान मॉडेलचा, डिस्क ड्राइव्ह सुटा काढता येतो, आणि बसवल्यावर एकदा इंटरनेटवर जोडून घ्यावा लागतो, हे त्यानेच न विचारता सांगितलं. खरं होतं तेही. मध्येच मालवणीत लिहायचा, ‘आपलो माणूस म्हणान तुका सांगतंय.’ हे असं कोणी लिहिलं की यापुढे मी फोन बाजूला ठेवून चहा प्यायला जाणार आहे.

गेल्या वर्षी, २०२५ ला, गणपती २७ ऑगस्टचे. त्याच्या आधीच्या आठवड्यात त्याने सांगितलं की दुबईत नोकरी लागली, पीएस५ स्लिम विकायचाय. डिस्कवाला, दोन कंट्रोलर, तीन डिस्क, ३१,००० रुपये. नवा आला तेव्हा त्याची किंमत ५४,९९० होती. पंधरा हजारांत देतो म्हणाला असता तर मलाही वास आला असता. ३१ हा आकडा त्याने बरोब्बर काढला होता, जुन्या वस्तूला शोभेल इतका. वर स्वतःच म्हणाला, ‘दादा, सगळे आधी देऊ नको.’ २,००० टोकन, पार्सल टाकल्याची पावती दिसली की १६,५००, आणि उरलेले १२,५०० खोकं हातात आल्यावर. यात कोणाला संशय आला असता ते मला सांगा.

मी बिलसुद्धा मागितलं. तुमच्यापैकी किती जण मागतात?

बिल आलं. ठाण्यातलं दुकान, गोल शिक्का, जीएसटी क्रमांक, सिरियल क्रमांक, रक्कम ५४,९९०. तारीख १२ नोव्हेंबर २०२३, लक्ष्मीपूजनाचा दिवस. ‘दिवाळीत घेतला’ असं तो आधी बोललाही होता, त्यामुळे सगळं जुळत होतं.

कसलं जुळत होतं! स्लिम भारतात विक्रीला आला ५ एप्रिल २०२४ रोजी. अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये आला होता, इथे नव्हता. आणि हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. त्या मार्चमध्ये ‘कधी येतोय, कधी येतोय’ करून ग्रुपचं डोकं खाणारा मी. डिस्कवाला ५४,९९० आणि डिजिटल ४४,९९० या किमती ग्रुपवर सगळ्यात आधी टाकणाराही मीच. ठाण्यातलं दुकान देशात न आलेलं यंत्र जीएसटी लावून विकतंय, पाच महिने पुढची किंमत लावून विकतंय, आणि मी बघतोय काय, तर शिक्का नीट उमटलाय का! रात्री अंथरुणावर पडलं की ती तारीख डोळ्यांसमोर येते. रक्कम बघितली, दुकानाचं नाव बघितलं, सिरियल क्रमांक खोक्याच्या फोटोशी ताडून बघितला. तारखेवरून नजर फिरली ती सरळ पुढे गेली.

आता माझी बाजूही ऐका. घरात गणपतीची साफसफाई चाललेली, माटवीचं (गणपतीवर बांधायच्या मंडपीचं) सामान आणायचं बाकी, खोल्यांचं बुकिंग विचारणारे फोन चालू. मोबाइलवर पीडीएफ बोटाने मोठं करून तारखा कोण वाचतो? बिल मागितलं आणि ते आलं, यातच अर्धा विश्वास बसतो. चोरांनाही हे ठाऊक असतं, म्हणूनच ते बिल तयार ठेवतात. बिल मागून उपयोग नाही. व्हिडिओ कॉलवर यंत्र चालू करायला लावा, सेटिंग्जमध्ये जाऊन कन्सोलची माहिती उघडायला लावा, आणि शेजारी तुमचं नाव लिहिलेला कागद ठेवायला सांगा. ‘आत्ता घरी नाही’ म्हणाला की विषय संपला.

टोकन पाठवताना स्क्रीनवर नाव आलं एका बाईचं. ‘बायकोचं खातं आहे दादा, माझं आजचं लिमिट संपलं.’ दोन हजारांसाठी कशाला ताणायचं, म्हणून पाठवले. पैसे जाण्याआधी जे नाव दिसतं ते बँकेच्या दप्तरातलं असतं. ते आणि समोरच्याचं नाव वेगळं असेल तर बायको, मेहुणी, दुकानाचं खातं, काही म्हणजे काही ऐकू नका.

खोकं ट्रॅव्हल्सच्या गाडीत टाकतो म्हणाला. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्यांच्या डिकीत काय काय येतं ते आपल्याला सांगायला नको, त्यामुळे मला काही वावगं वाटलं नाही. पावतीचा फोटो आला, गाडीचा नंबर आला, चालकाचा फोन नंबर आला. गाडी पहाटे कसालला. मी १६,५०० पाठवले.

रात्री ‘चालका’चा फोन. पनवेलजवळ तपासणी आहे, इलेक्ट्रॉनिक माल आहे, ३,८५० डिपॉझिट भरा, कसालला परत मिळतील. भरले. मग म्हणे रक्कम सिस्टीमने घेतली नाही, एकदम ४,९९९ टाका, म्हणजे दोन्ही एकत्र परत येतील. वाचून हसताय ना? हसा. पण १८,५०० अडकलेले असताना माणूस ३,८५० कडे खर्च म्हणून बघत नाही, आधीचे सोडवायची किल्ली म्हणून बघतो. तुम्हीही तेच केलं असतं. ‘परत मिळतील’ असं सांगून मागितलेला एक रुपयाही देऊ नका, मग आधी कितीही अडकलेले असोत.

पहाटे कसालच्या तिठ्यावर पावसात उभा होतो. त्या नंबरची गाडी आली नाही. चालकाचा फोन बंद. ग्रुप उघडला तर तो ग्रुपमधून बाहेर पडलेला. घरी आईला सांगावंच लागलं. ती गणपतीची भांडी घासत होती. ‘मेल्या, माणूस बघलंस नाय, खोको बघलंस नाय, आणि पैशे धाडलंस?’ एवढंच म्हणाली. ग्रुपवर सगळं लिहिलं, बिलही टाकलं. चिपळूणचा बारावीतला एक पोरगा आहे, त्याने विचारलं, ‘दादा, स्लिम तेव्हा इकडे आलेला?’ दुसऱ्या एकाने नुसतं ‘जीजी’ (गुड गेम, खेळ संपला की म्हणतात ते) लिहिलं. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

आता सरकारी पाहुणचार. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, माहिती दिली, तक्रार क्रमांक मिळाला. इथवर ठीक. हा फोन मात्र फसलेल्या क्षणीच करा, घरच्यांना काय सांगायचं याचा विचार नंतर. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळत असतात. आपण लाजत बसलो की ते एटीएममधून बाहेर. मी सकाळपर्यंत ‘येईल गाडी’ म्हणत बसलो, तेवढ्यात जायचं ते गेलं.

मग पोलीस ठाणं. अंमलदारांनी विचारलं, ‘कशाची फसवणूक?’ म्हटलं, गेमचं यंत्र. ‘गेम? ऑनलाइन गेमवर बंदी आली ना आता? पेपरात होतं.’ संसदेने २१ ऑगस्ट २०२५ ला मंजूर केलेलं विधेयक पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमबद्दल आहे. मी टीव्हीला जोडायचं यंत्र विकत घेत होतो. हे समजावून सांगेपर्यंत शेजारच्या बाकावरचे दोघे माझ्याकडे जुगारी म्हणून बघायला लागले. ‘या वयात गेम?’ हाही प्रश्न झाला. साहेब, ३१,००० ची म्हैस घेताना फसलो असतो तर वय विचारलं असतं का?

पुढे हद्दीचा प्रश्न. खातं परराज्यातलं, म्हणजे गुन्हा तिकडचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १७३ मध्ये लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची. मी ते छापून नेलं. उत्तर मिळालं, ‘वकील आहात का?’ मग गणपतीचा बंदोबस्त, विसर्जनानंतर या. विसर्जनानंतर गेलो तर हे काम जिल्ह्याच्या ठिकाणी. तिथे गेलो तर आधी स्थानिक ठाण्याचं पत्र आणा. शेवटी अर्जाची पोच मिळाली, तीही मागून घेतली म्हणून. पोच घेतल्याशिवाय उठू नका. कोणी स्वतःहून देत नाही.

बँक आणखी वरची. ‘पिन तुम्हीच टाकलात ना? मग व्यवहार अधिकृत.’ रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक तेव्हा ग्राहकाला संरक्षण देत होतं ते अनधिकृत व्यवहाराला. मी पडलो ‘स्वेच्छेने’ पैसे पाठवणारा. माझ्या डोक्यावर बंदूक नव्हती, म्हणून माझी फसवणूक ही त्यांच्या लेखी फसवणूकच नाही. समोरच्या खात्याबद्दल विचारलं तर ती गोपनीय माहिती. चोराचं खातं गोपनीय आणि माझी अख्खी कहाणी रांगेतल्या सगळ्यांसमोर मोठ्या आवाजात! कोणीतरी केवायसी करूनच ते खातं उघडलं असणार ना? त्याला कोणी विचारत नाही.

सगळ्या धावपळीतून हाती काय, तर कुठल्याशा तिसऱ्या खात्यात १,१८० रुपये गोठवले गेलेत. ते सोडवायला न्यायालयाचा आदेश लागेल असं मला सांगण्यात आलं. वकिलाने फी सांगितली ती इथे लिहीत नाही, ती १,१८० पेक्षा जास्त आहे एवढं पुरे.

ग्रुपवाल्यांनो, कन्सोल घ्यायचा तर हातात घेऊन, टीव्हीला जोडून, डिस्क घालून चालवून बघा आणि मग पैसे द्या. ठाणे शहरात जायचं भाडं परवडतं. कोणी ओळखीचा तिथे असेल तर त्याला पाठवा. जो भेटायला कां-कूं करतो त्याच्याशी गेमच्या गप्पाही मारू नका.

आणि हे मुद्दाम लिहायचं कारण. परवा कुडाळच्या मित्राने दुसऱ्या एका ग्रुपमधला फोटो पाठवला. तोच स्लिम, तेच दोन कंट्रोलर. विकणाऱ्याचं नाव वेगळं, आजोळ या वेळी राजापूरकडे, किंमत २८,५००. मित्राने व्हिडिओ कॉल मागितला तर लगेच ब्लॉक. फोटो नीट बघून ठेवा: काचेचं टेबल, डाव्या कोपऱ्यात तडा, मागे हिरवा पडदा, आणि खोक्यावरच्या सिरियल क्रमांकाचे शेवटचे आकडे अंगठ्याखाली झाकलेले. दिसला तर ॲडमिनला सांगा, स्क्रीनशॉट काढा आणि मला पाठवा. माझा अर्ज अजून उघडा आहे, त्याला जोडतो.