तक्त्यात २००६ साल दिसत होतं, तरी पैसे भरले: जीपीएस लॉगर घेताना सावध राहा

आकडे आधी सांगतो. दोन जीपीएस लॉगर (प्रवासाचा मार्ग बिंदू-बिंदूने नोंदवणारी छोटी यंत्रं), प्रत्येकी ७,९०० रुपये, म्हणजे १५,८००. 'डाउनलोड सॉफ्टवेअरचं लायसन्स' म्हणून १,५००. आणि फसलोय हे कळायला लागल्यावरसुद्धा 'फर्मवेअर अपडेट'चे, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर नवं करायचे, १,२५०. एकूण १८,५५० रुपये, सगळे यूपीआयने. शेवटचे साडेबाराशे सगळ्यात जास्त झोंबतात.

जुन्या मालावर नवा स्टिकर चिकटवून विकायचा धंदा कुणाला नवा नाही. लॉगरमध्ये तो जास्त खपतो, कारण बऱ्याच लॉगरना पडदाच नसतो. दिवे लुकलुकले की यंत्र चालू आहे असं वाटतं, आणि ते खरंच चालूही असतं. अक्षांश-रेखांश बरोबर येतात. खोट असते तारखेत.

रविवार, १६ नोव्हेंबर २०२५. ठाण्यात नौपाड्यातल्या एका दुकानाच्या पोटमाळ्यावर डेमो झाला. लॉगर केबलने लॅपटॉपला जोडला, त्याच सकाळी तलावपाळीभोवती मारलेली फेरी नकाशावर उमटली. रेषा सुरेख, कुठे उडी नाही. खाली बिंदूंचा तक्ता होता. तारखेच्या रकान्यात ओळीमागून ओळ एकच तारीख: २ एप्रिल २००६. मी बोट ठेवून विचारलं. विक्रेता म्हणाला, "साहेब, टाइम झोनचं सेटिंग राहिलंय, घरी गेल्यावर करून घ्या." मी मान डोलावली आणि मोबाइल काढला.

टाइम झोनने साडेपाच तासांचा फरक पडतो. लॉगर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ लिहितो, आपण पाच तास तीस मिनिटं मिळवतो, बस. त्यात १९ वर्षं कशी जातील? हे मला त्या क्षणी ठाऊक होतं, आणि तरी तोंडातून शब्द निघाला नाही. त्याबद्दल स्वतःचा जो राग आहे तो अजून गेलेला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक १० बिटांत येतो, म्हणजे ० ते १०२३. १०२४ आठवडे भरले की पुन्हा शून्य. मोजणी ६ जानेवारी १९८० पासूनची. पहिला फेरा ऑगस्ट १९९९ मध्ये संपला, दुसरा एप्रिल २०१९ मध्ये. आपण कितव्या फेऱ्यात आहोत हे फर्मवेअरने ओळखायचं असतं. जुनं फर्मवेअर ते ओळखू शकत नाही आणि तारीख बरोबर ७,१६८ दिवस मागे लिहितं. फरक पूर्ण आठवड्यांचा असल्यामुळे वार मात्र बरोबर येतो. १६ नोव्हेंबर २०२५ रविवार, २ एप्रिल २००६ हाही रविवारच. तेव्हा वार जुळला म्हणून हुरळून जाऊ नका, साल बघा.

मी बावळटपणाने घेतलं असं कुणी म्हणू नये. या जातीचे मीडियाटेक चिपवाले लॉगर नवे मिळणं अवघड झालंय, त्यामुळे जुना साठा घेण्यात काही चूक नाही. 'जुना साठा, तारीख चुकते' असं सांगून दोन हजारांना दिला असता तर मी हसत घेतला असता. मला '२०२५चं मॉडेल' म्हणून विकला. मिनी यूएसबीचं, म्हणजे जुन्या पद्धतीचं भोक बघूनच थांबायला हवं होतं.

बाकीची लबाडी घरी कळली. मागच्या स्टिकरची कड नखाने उचलली तर खाली दुसरा स्टिकर, त्यावरचा अनुक्रमांक वेगळा. वर छापलेले '४ लाख बिंदू', आत १६ मेगाबिटची फ्लॅश मेमरी, तिच्यात जेमतेम सव्वा लाख बिंदू मावतात. दर सेकंदाला एक बिंदू घेतला तर ४ लाखांना १११ तास पुरायला हवेत, इथे ३५ तासांच्या आत मेमरी भरते. आणि भरल्यावर 'जुनं पुसून वर लिहा' हेच सेटिंग करून ठेवलेलं, म्हणजे प्रवासाची सुरुवातच गायब. हे सेटिंग पहिल्याच दिवशी 'भरल्यावर थांबा' असं करून घ्या. बॅटरी ३० तासांची सांगितली, चालली ७ तास. जुन्या नोकियाच्या बीएल-५सी धर्तीची बॅटरी असते ती. काढून सपाट काचेवर ठेवा. भिंगरीसारखी फिरली तर फुगलेली आहे.

लायसन्सचे १,५०० तर निव्वळ लूट. जीपीएसबेबल आणि बीटी७४७ ही दोन्ही सॉफ्टवेअरं फुकट आहेत आणि अशा लॉगरमधून ट्रॅक उतरवून जीपीएक्स, केएमएल या नकाशावर उघडणाऱ्या फाइली करून देतात. फर्मवेअर अपडेटही थाप. कंपनीने नवं फर्मवेअरच काढलेलं नसेल तर दुकानदार कुठून आणणार? पैसे घेऊन त्याने मला ब्लॉक केलं.

यंत्र गळ्यात पडलंच असेल तर ट्रॅक वाचवता येतात. जीपीएसबेबलच्या ट्रॅक फिल्टरमध्ये वेळ पुढे सरकवायचा पर्याय आहे, तिथे अधिक ७,१६८ दिवस द्या. हे न करता फोटोंना ठिकाणं जोडायला गेलात तर एकही फोटो जुळत नाही, कारण जुळणी वेळेवरून होते. आणि उतरवलेली फाइल उघडून पहिला व शेवटचा बिंदू तपासल्याशिवाय लॉगरची मेमरी पुसू नका.

विक्रेत्यासमोर करायची खरी परीक्षा पाच मिनिटांची आहे. मेमरी पूर्ण पुसायला लावा, गच्चीवर किंवा मोकळ्या जागी नवी नोंद घ्या, स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवा आणि साल वाचा. सिरियल टर्मिनल (यंत्राला थेट आज्ञा पाठवायचा प्रोग्राम) वापरता येत असेल तर मीडियाटेक चिपची पीएमटीके ६०५ ही विचारणा पाठवा, उत्तरात फर्मवेअरची आवृत्ती येते. विक्रेत्याने दाखवलेल्या तयार फाइलवर विश्वास नको. उदाहरणार्थ, ठाण्याजवळच्या पारसिकच्या रेल्वे बोगद्यात सॅटेलाइट दिसत नाही. आगगाडीच्या ट्रॅकमध्ये तिथेही दर सेकंदाचे बिंदू दिसले तर ती फाइल बनवलेली आहे. नुसती रेषा जोडलेली दिसणं हा पुरावा नव्हे, नकाशा दोन टोकं आपोआप जोडतो. बिंदू बघा.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, "गाडी चोरीला गेलीय का?" जीपीएस म्हणजे फक्त गाडीत बसवायची वस्तू नव्हे, हे समजावण्यात वीस मिनिटं गेली. मग, "वस्तू मिळाली ना? चालते ना? मग फसवणूक कसली? हे दिवाणी प्रकरण." खोटं सांगून पैसे काढणं हे दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? लेखी अर्ज दिला, तर पोच द्यायला नकार. सायबरच्या टेबलावर पाठवलं, तिथे म्हणाले, ओटीपी कुणी घेतला नाही, समोरासमोर व्यवहार झालाय, आमच्यात बसत नाही. बँकेत म्हणाले, "पिन तुम्हीच टाकलात." तिन्ही ठिकाणी बोलणं खालच्या पट्टीतलं, जणू गुन्हा मीच केलाय. दुकानाचा पत्ता, यूपीआय आयडी, दोन स्टिकरांचे फोटो, २००६ची फाइल, सगळं हातात असताना कुणी एक कागद वाचला नाही. चार चकरांत दोन दिवसांची रजा गेली ती वेगळीच.

पोच देत नसतील तर अर्ज वरिष्ठ अधिकाऱ्यांना स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा. ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइनही होते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षांची. बिल नाही म्हणून घाबरू नका, यूपीआयची नोंद आणि चॅट चालतं. ब्लॉक व्हायच्या आधीच चॅट उतरवून ठेवा.

जाहिरात अजून चालू आहे, 'ठाण्यात डेमो, नवी मुंबईत घरपोच', फक्त नंबर बदललाय आणि किंमत ८,४०० केलीय. फोटोत लॅपटॉप आहे. फोटो मोठा करून तारखेचा रकाना बघा.