केळीला 'स्पेशल पोटॅश' म्हणून रंगवलेलं मीठ विकतायत, सांभाळा

वसईकडच्या लोकांनी जरा वाचा, कारण हे विकणारा माणूस अजून फिरतोय. बाइकवर येतो, गळ्यात कसलंतरी आयकार्ड, गेटबाहेरूनच केळीकडे बघून बोलायला लागतो. आमच्याकडे आला तेव्हा बाबा एकटेच घरी होते. राजेळी केळीची खालची पानं कडेने पिवळी पडून करपत होती, ते दाखवून म्हणाला काका पोटॅशची (पोटॅशियमची) डेफिशियन्सी आहे, घड पोसणार नाही. आता गंमत बघा, निदान त्याचं बरोबर होतं! पोटॅश कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं, म्हणून खालची पानं आधी जातात. म्हणून तर बाबांचा विश्वास बसला. प्लास्टिकच्या पिशवीतलं लालसर 'केळी स्पेशल' दिलं, किलोला 250 रुपये, आणि वर सांगितलं की बुंध्याशी भरपूर टाका.

आठवड्याभरात पानं जास्तच करपली, तेव्हा मी ते ग्लासभर पाण्यात टाकून बघितलं. खऱ्या लाल पोटॅशचा तांबडा रंग पाण्यावर तरंगतो, इथे गेरूसारखा गाळ तळाला बसला. मग चिमूटभर गॅसच्या ज्योतीवर टाकलं तर ज्योत भडक पिवळी झाली, म्हणजे सरळसरळ मीठ!! केळीला मीठ अजिबात सोसत नाही, त्यात आमच्या विहिरीचं पाणी आधीच मचूळ.

पिशवीवर ना कंपनीचं नाव, ना 0:0:60 (म्हणजे नत्र-स्फुरद शून्य, पोटॅश 60 टक्के) लिहिलेलं, ना बॅच नंबर, बिल तर नाहीच. कायद्याने हे सगळं लागतं आणि खत विकायला परवानाही लागतो, तो नुसता बघायला मागा, गडी तिथेच गाडीला किक मारेल. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, आम्ही केलीय पण बिल नसल्याने अडलंय, त्यामुळे पिशवी आणि उरलेला माल टाकू नका, आणि बाइकचा नंबर दिसला तर फोटो काढा.

कोणी टाकलं असेल तर वरची माती खरवडून काढा आणि पाणी निचरा होईल असं भरपूर सोडा. खरं पोटॅश परवानावाल्या कृषी सेवा केंद्रातच घ्या, झाडाला वर्षाला साधारण 330 ग्रॅम, तेही तीन-चार हप्त्यात आणि बुंध्यापासून लांब. आणि हो, झिंक सल्फेट म्हणून मॅग्नेशियम सल्फेट खपवतात तेही बघा, डीएपीच्या (नत्र-स्फुरदाच्या खताच्या) पाण्यात मिसळल्यावर दाट साका झाला तरच ते झिंक.