पेट्रोलची नळी बदलायची: स्टेनलेस, तांबे-निकेल, साधं पोलाद की रबर?

जुन्या गाडीची टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची नळी गंजली, की मालकाच्या मनात सगळ्यात आधी स्टेनलेस स्टील येतं. गंजणार नाही, दिसायला छान, पुन्हा गाडीखाली झोपायला नको. ऐकायला बिनतोड आहे. पण नळी वाकवणार कोण आणि गाडी कुठल्या अवस्थेत आहे, हे ठरल्याशिवाय त्यात पडू नये. बॉडी चेसिसवर बसलेली आहे आणि जॅक स्टँडवर उभी करून काम तुम्हीच करणार आहात, तर माझं मत तांबे-निकेलला. गाडी पूर्ण मोकळी करून मूळ रूपात आणायची असेल, तर कारखान्यात होती तशीच पोलादी नळी. स्टेनलेसचा नंबर या दोघींच्या मागे.

ताकदीचा मुद्दा आधीच बाजूला ठेवू. कार्ब्युरेटरच्या गाडीत यांत्रिक पंपाचा दाब साधारण ४ ते ७ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) असतो. एसयू कंपनीचा विजेवरचा पंप असलेल्या ब्रिटिश गाड्यांत तर त्याहूनही कमी. ब्रेकच्या नळीत हाच आकडा हजाराच्या पार जातो, आणि तिथेही तांबे-निकेल वर्षानुवर्षं वापरात आहे. व्होल्वोने १९७० च्या दशकातच ती ब्रेकसाठी घेतली. म्हणजे पेट्रोलसाठी यातली कुठलीही धातूची नळी दाबाने फुटणार नाही. ती जाते गंजाने, घासण्याने, थरथरीने आणि खराब जोडांनी. तुलना करायची ती याच चार गोष्टींवर.

साधी पोलादी नळी मूळ गाडीत कशी होती ते बघण्यासारखं आहे. बऱ्याच गाड्यांत पत्र्याचा दुहेरी वेढा घेऊन मधे तांब्याने सांधलेली नळी असे, वरून शिसं आणि कथिलाचा मुलामा. तीस-चाळीस वर्षं ती सहज टिकली, आणि गेली तीही बहुतेक वेळा क्लिपखाली, जिथे चिखल आणि ओल अडकून बसते. दुसरी गंजण्याची जागा बाहेरून दिसत नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ते पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन नळीच्या सगळ्यात खालच्या वाकात बसतं आणि आतून खातं. फिल्टरमध्ये वारंवार तांबूस भुकटी दिसत असेल तर टाकीइतकाच संशय नळीवरही घ्या. नवी पोलादी नळी घ्यायचीच तर मुलामा किंवा प्लॅस्टिकचा लेप असलेली घ्या. उघडी नळी म्हणजे पहिल्या दिवसापासून गंजाला आमंत्रण. तिचा मोठा गुण असा, की ४५ अंशांचा दुहेरी फ्लेअर (नटाखाली घट्ट बसावं म्हणून भोंग्यासारखं रुंद करून कड आत दुमडलेलं टोक) तिच्यावर नीट बसतो, म्हणून जुनी फिटिंग जशीच्या तशी चालते. अस्सलपणा तपासणाऱ्या परीक्षकांच्या नजरेलाही ती खटकत नाही.

आता खरी जुंपते ती स्टेनलेस आणि तांबे-निकेलमध्ये.

स्टेनलेस कडक असतं. वाकवलं की थोडं परत उसळतं, त्यामुळे प्रत्येक वाक थोडा जास्त द्यावा लागतो, आणि चुकलेला वाक पुन्हा सरळ करायला गेलात तर नळी चेपते. त्याहून मोठी अडचण टोकाला आहे. घरगुती फ्लेअर टूलने स्टेनलेसवर दुहेरी फ्लेअर करताना टोक चिरण्याची भीती असते. चिरलं नाही तरी कडक धातू बैठकीत दबून बसत नाही, म्हणून बारीकसा ओरखडाही गळतो. नटावर जोर वाढवत गेलं की नटाचे कोपरे जातात, गळती तिथेच राहते. म्हणून जाणकार स्टेनलेसला ३७ अंशांचा एकेरी फ्लेअर आणि त्याची वेगळी फिटिंग वापरतात. पण तुमच्या पंपाची बैठक ४५ अंशांची असेल तर मधे अडॅप्टर आला. म्हणजे एक नळी बदलायला निघालात आणि जोड वाढवून बसलात.

तांबे-निकेल याच्या अगदी उलट. सुमारे १० टक्के निकेल, थोडं लोखंड आणि मँगनीज, बाकी तांबं. समुद्राच्या खाऱ्या पाण्याच्या पाइपांसाठी हा मिश्रधातू जहाजांवर वापरतात, तेव्हा चिखलपाण्याची काळजी नको. मोठे वाक हातानेच निघतात, लहानाला साधा बेंडर पुरतो, आणि फ्लेअर पहिल्या खेपेला स्वच्छ येतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॉडी न उचलता, मागच्या अ‍ॅक्सलच्या वरून, चेसिसच्या आडव्या पट्ट्यांमधून ती वळवत पुढे नेता येते. तयार वाकवलेली स्टेनलेस नळी हे करू देत नाही. तिचे सगळे वाक बरोबर असतात, पण आत सरकवायला वाटच नसते. मऊपणाची किंमत मात्र आहे. उडालेल्या दगडाने ती चेपू शकते, आणि क्लिपा लांब लांब लावल्या तर झोळ पडतो. तेव्हा क्लिपा जवळजवळ लावा, आणि पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट विसरू नका.

शुद्ध तांब्याच्या नळीला इथे जागा नाही, रंग सारखा दिसला तरी. थरथरीने तांबं कडक होत जातं आणि फ्लेअरच्या मुळाशी तडकतं. शिवाय तांब्याच्या संगतीत उभं राहिलेलं पेट्रोल लवकर चिकट होतं. हा दुसरा दोष थोडा तांबे-निकेललाही लागू आहे. वर्षातून दोनदाच निघणाऱ्या गाडीला पोलादी नळी घालावी असं म्हणणारे म्हणूनच अगदी चुकीचे नाहीत.

रबराचं काय? चेसिस स्थिर, इंजिन मात्र आपल्या माउंटिंगवर हलतं, म्हणून दोघांच्या मधे एक लवचिक तुकडा लागतोच. टाकीच्या तोंडाशीही लागतो. त्यापलीकडे टाकीपासून पुढपर्यंत सगळी नळी रबराची ओढणं स्वस्त आणि झटपट असलं तरी मी ते कुणाला सुचवणार नाही. होजवरचा, म्हणजे रबरी नळीवरचा, छाप वाचून घ्या. एसएई जे३० या मानकातल्या आर६ आणि आर७ कार्ब्युरेटरच्या कमी दाबासाठी. आर९ इंजेक्शनसाठी, म्हणजे जास्त दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांसाठी; तिचा आतला थर फ्लुओरोइलास्टोमर या खास रबराचा असतो आणि इथेनॉलला तो चांगला टिकतो. आर१४ पुन्हा कमी दाबाचीच, पण तिच्यातून पेट्रोलची वाफ कमी झिरपते; बंद गॅरेजात वास येत असेल तर हा फरक नाकाला कळतो. कार्ब्युरेटरच्या गाडीलाही मी आर९ किंवा आर१४ च घेईन. जुन्या धाटणीची रबरं इथेनॉलने आधी फुगतात, मग कडक होऊन तडकतात.

वरून स्टीलची जाळी असलेली होज बघून भुलू नका. आत साधं रबर असेल तर जाळीचं काम एवढंच, की चिरा तुम्हाला दिसू नयेत. शिवाय ती जाळी ज्याला टेकते ते करवतीसारखं कापत जाते. आत पीटीएफई (टेफ्लॉन) असेल तर गोष्ट वेगळी: त्याला इथेनॉल काही करत नाही आणि वास जवळजवळ येत नाही. मात्र ती एकदम वळवली तर मुडपते, आणि तिची फिटिंगही वेगळी लागते. पेट्रोलसाठी कार्बनमिश्रित, वीज वाहणारा आतला थर असलेलीच घ्या. साध्या पीटीएफईत वाहत्या पेट्रोलाने स्थिर वीज साठून सुईएवढी भोकं पडू शकतात.

नायलॉनची नळी मूळ गाडीत असेल तर तीच घालावी, एक्झॉस्टपासून दूर. नसेल तर तिच्या वाटेला जाण्याचं कारण नाही.

इंजेक्शनच्या गाडीला यातलं बरंच बदलतं. बॉशच्या के-जेट्रॉनिक या इंजेक्शनच्या यंत्रणेत दाब ५ बारच्या, म्हणजे सुमारे ७० पीएसआयच्या आसपास जातो. तिथे आर७ होज आणि साधा स्क्रूचा क्लॅम्प म्हणजे आगीची तयारी. धातूची निवड तीच राहते, जोड मात्र मूळ पद्धतीचेच हवेत.

काहीही निवडलंत तरी होज चढवायच्या टोकाला फुगवटा करा. दुहेरी फ्लेअरच्या टूलची पहिली पायरी नेमकी तोच करून देते. सपाट कापलेल्या टोकावरून होज कधीतरी सरकणारच. आणि नट आधी नळीत सरकवा, मग फ्लेअर करा. हे वाचताना हसू येतं, काम करताना येत नाही.

राहता राहिला प्रश्न तुकड्याचा. अर्धा फूट गंजलेला, बाकी नळी ठीक दिसते, तर तेवढंच कापून मधे होज घालावी का? गाडी रस्त्यात अडली असेल तर घरी पोचण्यापुरतं ठीक. पण एका क्लिपखाली गंज पोचला असेल तर इतर क्लिपांखालीही तो असणार, आणि प्रत्येक तुकड्यामागे दोन क्लॅम्प आणि एक म्हातारं होणारं रबर वाढतं. बॅटरी सोडून, टाकी रिकामी करून गाडी उचललीच आहे, तर नळी अख्खी बदला. जुनी मात्र कापून टाकू नका. अख्खी काढता आली तर काढा, जमिनीवर ठेवा आणि नवीचे वाक तिच्यावरून मोजा.