ऑक्सिजन सेन्सर काढायचा ‘क्रोम व्हॅनेडियम’ संच: ४,७४८ रुपयांना बसलेला चुना

गाडीच्या धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर काढायच्या सात सॉकेटच्या (नटावर बसवून फिरवायच्या पान्यांच्या) संचाची जाहिरात मोबाइलवर फिरतेय, ती उघडूसुद्धा नका. संचाचे १,८४९ गेले, ‘रिटर्न पिकअप’च्या नावाखाली २९९ गेले आणि त्या भिकार सॉकेटने लावलेली वाट निस्तरायला गॅरेजला २,६०० मोजले.

“बाजारातून घ्यायचं ना,” असं सांगणारे भेटलेत. बाजारात विचारलं होतं. माझा सेन्सर वर्षानुवर्षं तापून आट्यांत जाम झालेला. त्याचं डोकं २२ मिमीचं, पण वायर आणि तिच्या टोकाचा कनेक्टर आडवा येतो, म्हणून रिंग पाना वरून जात नाही. उघड्या तोंडाचा पाना घसरतो. वायरसाठी बाजूला खाच असलेलं सॉकेटच लागतं, आणि ते जवळपास कुणाकडे नव्हतं.

पैसे भरताना स्क्रीनवर दुकानाचं नाव यायला हवं होतं, आलं एका माणसाचं. मी ते वाचलं. अंगठा क्षणभर थांबलासुद्धा. तो क्षण आजही डोक्यातून जात नाही. पण वर लाल आकड्यांत सवलतीची मिनिटं पळत होती, कॅश ऑन डिलिव्हरी ‘तुमच्या पिनकोडला उपलब्ध नाही’ असं दाखवत होते, आणि छोटे विक्रेते स्वतःच्या खात्यावर पैसे घेतातच की! रोज सगळे असेच पैसे देतात. मी काय जगावेगळं केलं?

फोटोतल्या सॉकेटवर ‘सीआर-व्ही’, म्हणजे क्रोम व्हॅनेडियम पोलाद, असं कोरलेलं दिसतं. हातात आलेल्यावर ते नुसतं छापलेलं होतं, नख घासलं की निघत होतं. तरी काम रीतसर केलं. आट्यांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं, इंजिन थोडं गरम केलं. रॅचेटवर, म्हणजे सॉकेट फिरवायच्या दांड्यावर, जोर दिला आणि सॉकेटची खाच डोळ्यांसमोर फाकली. सेन्सर तसूभर हलला नाही, कडा मात्र गोल झाल्या. शेवटी गॅरेजवाल्याने त्यावर नट वेल्ड करून तो काढला आणि मॅनिफोल्डचे (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचे) आटे टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवून साफ केले.

एक लक्षात ठेवा. जुना सेन्सर फेकायचाच असेल तर सरळ वायर कापा आणि सहा कोनी बंद सॉकेट लावा. खाच नसली की ते फाकत नाही. हे मला आधी एकानेही सांगितलं नाही.

विक्रेत्याला फोन केला. “रिटर्न मंजूर आहे, पिकअपचे २९९ भरा, रिफंडमध्ये मिळून येतील.” भरले, आणि नंबर बंद. परत घेण्यासाठी आधी पैसे मागितले की तिथेच फोन ठेवा.

पोलीस ठाण्यात ऐकवलं, “पार्सल मिळालं ना? मग फसवणूक कसली? ग्राहक आयोगात जा.” तिथे गेलो तर विक्रेत्याचा पत्ता हवा. पत्ता असता तर मी तुमच्या दारात कशाला आलो असतो? बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार अधिकृत आहे. जाहिरातीची तक्रार केली, तर ‘नियमभंग आढळला नाही’. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण द्यायचं लिहिलंय. अधिकारीच नेमलेला नसेल तर कुणी द्यायचं? प्रत्येकजण पुढचं टेबल दाखवतो आणि चोर दुसऱ्या नावाने तोच फोटो लावून बसतो.

पैसे गेले की आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, ठाण्याच्या चकरा नंतर. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. साइटवर पत्ता नसेल तर पुढे जाऊच नका.

हाच संच आणखी कुणाला आला असेल तर सॉकेट टाकून देऊ नका. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आणि पार्सलवरचं लेबल जपून ठेवा. एकट्याच्या २,१४८ रुपयांना कुणी विचारत नाही, आपण आठ-दहा जणांनी मिळून तक्रार दिली तर निदान नोंदवून तरी घ्यावी लागेल.